आधी बर्फ बघा

"मामा, दोनच हिवाळे चाललेली आहे. फक्त अकराशे मैल. नवी घ्यायला गेलो तर चौदा हजार डॉलर, हा नऊ हजारांत देतोय. घेऊ का?"

भाच्याने फोन माझ्यापुढे धरला. फोटोत एक काळी, अणकुचीदार नाकाची गाडी होती. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये मोटारसायकलसारखी सीट. मी तेव्हा मिनियापोलिसजवळ त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. मार्चचा पहिला आठवडा होता. पुण्यात माझं गॅरेज होतं, आणि निम्मं आयुष्य लूना, बजाज आणि कायनेटिक होंडाच्या टू-स्ट्रोक इंजिनांत हात घालण्यात गेलेलं. म्हणून त्याने मला विचारलं. स्नोमोबिलशी माझी ओळख म्हणाल तर एकदा गुलमर्गला तिथले लोक जिला स्नो स्कूटर म्हणतात तिच्यावर वीस मिनिटं मागे बसलो होतो, एवढीच. थंडीने बोटं बधिर झाली होती, आणि गाडी नीट बघायची राहूनच गेली.

या वेळी बघितली. पुढचे दोन आठवडे मी दुसरं काही केलंच नाही. इतकी वर्षं यंत्रांत काढूनही असं यंत्र मला भेटलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

दुकान उत्तरेला होतं, डुलुथच्या अलीकडे, दोन तासांच्या वाटेवर. मागच्या आवारात कुंपणाला लागून वाऱ्याने आणून टाकलेला, कुणी न तुडवलेला बर्फ साठला होता. मी दोन पावलं टाकली आणि मांडीपर्यंत आत गेलो. पाय काढायला दोन्ही हात टेकावे लागले. त्याच बर्फावरून दुकानातला मुलगा ती गाडी घेऊन आरपार गेला, आणि मागे उरला तो वीतभर खोल चर. गाडीचं वजन अडीचशे किलो, वर बसलेला मुलगा ऐंशी किलोचा. माझं वजन सत्तर. बुडालो मी.

गणित सोपं आहे, तरी ते डोळ्यांदेखत घडताना अंगावर काटा येतो. चालताना माझं सगळं वजन एका वेळी एका बुटावर येतं, म्हणजे सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरवर. दर चौरस सेंटिमीटरला तीनशे ग्रॅम. त्या गाडीचा पट्टा 38 सेंटिमीटर रुंद, आणि त्याचा साधारण सव्वा मीटर भाग जमिनीला टेकलेला. त्यात दोन स्की धरा. सगळं मिळून सात हजार चौरस सेंटिमीटरच्या आसपास. तीनशेतीस किलो त्यावर पसरले की दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम पन्नास ग्रॅम उरतात.  अडीचशे किलोचं लोखंड माणसाच्या पावलाच्या एक षष्ठांश दाबाने बर्फावर टेकतं. उत्तरेतल्या लोकांनी हजारो वर्षं जाळीचे रुंद बूट आणि लांब स्की घालून हेच साधलं होतं. फक्त त्याला इंजिन जोडायचं राहिलं होतं.

ते जोडण्याची गरज कुणाला पडली, हे वाचताना मी थांबून थांबून वाचलं. विस्कॉन्सिनमधल्या सेनर या खेड्यात कार्ल एलियासन नावाचा दुकानदार होता. त्याच्या पायात व्यंग होतं. हिवाळ्यात मित्र शिकारीला निघाले की बर्फातून त्यांच्या बरोबरीने चालणं त्याला जमायचं नाही. 1924 साली त्याने लाकडाच्या लांब घसरगाडीला नावेची अडीच अश्वशक्तीची मोटर जोडली, जुन्या फोर्ड गाडीचे आणि सायकलीचे भाग वापरले, पुढच्या स्की वळवायला दोऱ्या बांधल्या, आणि मित्रांना गाठलं. 1927 साली त्याला त्याचं पेटंट मिळालं.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये व्हालकूर हे गाव आहे. तिथला जोसेफ-आर्मां बोंबार्दिए 1922 साली पंधरा वर्षांचा होता. वडिलांनी दिलेलं फोर्डचं जुनं इंजिन त्याने दोन घसरगाड्यांवर चढवलं, मागे लाकडी पंखा लावला आणि भावाला पुढे वळवायला बसवून गावातून बर्फावरून गाडी चालवून दाखवली. उघडा पंखा गरागरा फिरताना बघून वडिलांनी ती त्याच दिवशी मोडायला लावली. मुलाने पुढे गॅरेज काढलं, आणि हिवाळाभर बंद पडणाऱ्या रस्त्यांवर चालेल अशा गाडीचे प्रयोग चालूच ठेवले. 1934 च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचं, इव्हॉनचं, अपेंडिक्स फुटलं. रस्ते बर्फाखाली होते. इस्पितळात पोचता येईल अशी गाडी त्या घरात नव्हती. मूल गेलं.

तीन वर्षांनी, 1937 मध्ये, त्याला दात्यांच्या चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट मिळालं. त्या पट्ट्यावर त्याने सात माणसांची बर्फगाडी बांधली. ती डॉक्टरांनी घेतली, टपाल खात्याने घेतली, शाळेतल्या मुलांची ने-आण करायला वापरली गेली, रुग्णवाहिका झाली. पुढे क्वेबेकचे गावरस्ते हिवाळ्यात साफ होऊ लागले आणि मोठ्या गाड्यांची मागणी ओसरली. तोवर हलकी इंजिनं मिळू लागली होती आणि अखंड, बिनसांध्याचा रबरी पट्टा तयार करणं जमलं होतं. 1959 साली एका माणसाची छोटी गाडी बाजारात आली. कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणारी म्हणून तिला 'स्की-डॉग' म्हणायचं ठरलं होतं, नाव लिहिताना चूक झाली आणि ती 'स्की-डू' झाली, असं सांगतात. पहिल्या काही गाड्यांतली एक ओंटारिओच्या उत्तरेला एका धर्मगुरूकडे गेली. त्याला दूरदूरच्या वस्त्यांवर जावं लागे.

मिनेसोटाचीही या कथेत जागा आहे. कॅनडाच्या सीमेजवळच्या रोझो गावात शेतीची अवजारं बनवणारा एक छोटा कारखाना होता. 1956 च्या सुरुवातीला तिथल्या डेव्हिड जॉन्सनने, मालक एडगर हेटीन बाहेरगावी असताना, बर्फावर चालणारी गाडी जुळवली. हेटीन परत आला आणि चिडला, कारण पगाराला पैसे नव्हते. त्याने ती गाडी गावातल्या लाकूडवखारवाल्याला 465 डॉलरला विकून पगार भागवले. मग दुसरी मागणी आली, तिसरी आली. तो कारखाना म्हणजे आजची पोलॅरिस. हाच हेटीन 1960 साली अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत बाराशे मैल या गाड्यांवरून गेला. आणि 1968 च्या एप्रिलमध्ये मिनेसोटाचाच राल्फ प्लेस्टेड हा विमा विकणारा गृहस्थ सोबत्यांसह स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोचला. अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने वरून ती जागा पडताळून पाहिली.

हे सगळं त्या दुकानात माझ्या डोक्यात होतं. भाच्याच्या डोक्यात मात्र नऊ हजार डॉलर होते, आणि ते बरोबरच होतं.

दुकानदाराने बाजूचं झाकण उघडलं आणि मी मोठ्याने "अरे!" म्हणालो. आत कायनेटिक होंडा होती! आकाराने तिप्पट, पण तीच. पुण्याच्या रस्त्यांवर 1984 पासून धावलेली ती बिनगिअरची स्कूटर ज्यांनी चालवली, त्यांनी या बर्फगाडीचं अर्धं मर्म तेव्हाच हाताळलं आहे. आजच्या अ‍ॅक्टिव्हातही तेच आहे. तोंडाला तोंड लावलेल्या दोन शंकूंची एक पुली इंजिनावर, तशीच दुसरी मागे, दोन्हींमध्ये रबरी बेल्ट. इंजिन जोरात फिरलं की पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात आणि शंकू जवळ येतात. बेल्टला खाली जागा उरत नाही म्हणून तो वर चढतो, मागच्या पुलीत तितकाच आत उतरतो, आणि गिअर न बदलता गिअर बदलत जातो. स्कूटरमध्ये ही करामत आठ-दहा अश्वशक्तींवर चालते. इथे तोच बेल्ट शंभराहून अधिक अश्वशक्ती ओढतो. म्हणून जुनी गाडी बघताना हे झाकण पहिल्यांदा उघडायचं. जळक्या रबराचा वास, शंकूंवर काळे पट्टे, बेल्टच्या कडा उसवलेल्या दिसल्या की समजायचं, कुणीतरी खोल बर्फात रुतलेली गाडी अ‍ॅक्सिलरेटर दाबून दाबून काढली आहे.

आणि रिव्हर्स! गाडी मागे न्यायला बहुतेक टू-स्ट्रोक स्नोमोबिलमध्ये वेगळा गिअर नसतो. बटण दाबलं की गाडीचा संगणक इंजिन इतकं मंद करतो की ते बंद पडलंच असं वाटावं, आणि पिस्टन वर येत असतानाच अशा नेमक्या क्षणी ठिणगी देतो की तो उलटा ढकलला जातो. इंजिनच उलटं फिरू लागतं. टू-स्ट्रोक इंजिन उलटं फिरू शकतं हे मला ठाऊक होतं. वेळ चुकलेल्या स्कूटरला किक मारली की कधीकधी ती उलटी सुरू व्हायची आणि पहिला गिअर टाकताच मागे जायची. आम्ही तो दोष मानायचो. इथे कुणीतरी त्या दोषाला कामाला लावलं होतं.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. मी रेडिएटर शोधत होतो. इंजिन पाण्याने गार होणारं, म्हणजे पुढे कुठेतरी जाळी हवी, पंखा हवा. सापडेना. दुकानदाराने मला खाली वाकायला लावलं आणि पट्ट्याच्या वरचं छत दाखवलं. सीटखालून मागपर्यंत अ‍ॅल्युमिनियमचा एक बोगदा असतो, त्यात तो रबरी पट्टा फिरतो. त्या बोगद्याच्या छतालाच पोकळ पन्हळ्या असतात आणि इंजिनाचं तापलेलं पाणी त्यांतून फिरतं. पट्टा धावताना खालचा बर्फ उडवतो. तो बर्फ छतावर आदळतो, वितळतो आणि पाण्यातली उष्णता घेऊन जातो.

बर्फ म्हणजेच रेडिएटर.

अजून एक आहे. पट्टा आतल्या बाजूने दोन लांब दांड्यांवरून घसरत जातो. त्या दांड्यांच्या खाली कठीण प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना तिथले लोक स्लाइड म्हणतात. पट्ट्याच्या धातूच्या क्लिपा या प्लास्टिकवरून ताशी पन्नास-साठ मैलांनी घासत जातात. वंगण कुठे आहे? ना ग्रीस, ना ऑइल. वंगण म्हणजे पुन्हा बर्फ. आत उडणारा भुगा वितळून पाण्याचा पातळ थर देतो आणि त्या थरावर सगळं तरंगतं. उघड्या डांबरावर किंवा कोरड्या, गुळगुळीत बर्फाच्या लादीवर ही गाडी जोरात न्या, थोड्याच अंतरात प्लास्टिक वितळू लागेल आणि इंजिन तापल्याचा लाल दिवा लागेल. बाहेर उणे वीस असलं तरीही. गोठलेल्या तळ्यावरून जाणारे लोक म्हणून दांड्यांना स्प्रिंगच्या छोट्या लोखंडी सळ्या लावून घेतात. त्या लादी खरवडत जातात आणि पट्ट्याला भुगा पुरवतात.

मासा पाण्यात पोहतो आणि त्याच पाण्यातून श्वास घेतो. या यंत्राचं बर्फाशी तसंच नातं आहे. बर्फ हाच त्याचा रस्ता, तोच गारवा आणि तेच तेल. एवढं कळल्यावर 'कमी चाललेली' या शब्दाचा अर्थच माझ्यासाठी बदलला. मीटर मैल मोजतो, पण ते कशावरून कापले हे काही सांगत नाही. ताज्या, भुसभुशीत बर्फावरचे चार हजार मैल या गाडीला सुखाचे जातात. उघड्या लादीवरचे पाचशे तिला झिजवतात.

मी भाच्याला म्हटलं, "मागून उचल." आम्ही दोघांनी मागची बाजू उचलून ठोकळ्यावर ठेवली. टॉर्च मारला. स्लाइडवर झिजेची मर्यादा दाखवणारी एक रेघ असते. प्लास्टिक त्या रेघेला टेकलं होतं. अकराशे मैलांत टेकायला नको होतं. पट्ट्याच्या क्लिपांवर काळपट, चकचकीत थर होता, नखाने निघाला. वितळून चिकटलेलं प्लास्टिक. शिवाय आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं, म्हणजे आमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलेलं; गार असताना ते कसं सुरू होतं हे आम्हाला कळणार नव्हतं. दुकानदाराने यातलं काही लपवलं नाही. विचारलं तेव्हा सरळ सांगितलं की पहिला मालक तळ्याकाठी राहायचा आणि गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटापर्यंत जाण्या-येण्यासाठी गाडी वापरायचा. दोन हिवाळ्यांपैकी एक 2023–24 चा. मिनेसोटात नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो सर्वांत उबदार हिवाळा. लादीवर बर्फच नव्हता.

स्लाइड स्वस्त असतात, तासाभरात बदलता येतात. माझी भीती त्या प्लास्टिकची नव्हती. ज्या इंजिनाला गार करणारा बर्फ मिळाला नाही, त्याचे पिस्टन कितीदा तापले असतील, याची होती. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात केसाइतकी फट असते. जास्त तापलेला पिस्टन फुगून घासतो आणि भिंतीवर ओरखडे उठतात. नंतर गाडी गार झाली की सगळं पूर्ववत वाटतं. ओरखडा मात्र राहतो.

मग ती स्वस्त का होती? केवळ तळ्यामुळे नाही. स्नोमोबिलच्या कंपन्या पुढच्या हिवाळ्याच्या गाड्यांच्या मागण्या आदल्या वसंतातच घेतात. मार्च-एप्रिल आला की दुकानदाराच्या अंगणात न विकलेल्या, परत आलेल्या, अदलाबदलीत घेतलेल्या गाड्या उभ्या असतात आणि बाहेर बर्फ वितळत असतो. सहा-सात महिने त्या सांभाळायच्या, त्यावर व्याज भरायचं. म्हणून भाव उतरतात. आपल्याकडे पाऊस संपताना छत्र्या उतरतात तसे. एक-दोन हिवाळे कोरडे गेले की आणखी उतरतात. ही सूट खरी असते, तिचा फायदा जरूर घ्यावा. त्याच दुकानात यामाहाची एक गाडी होती, तिच्यावरही मोठी सूट होती. तिचं कारण आणखी वेगळं. या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं यामाहाने 2023 साली जाहीर केलं आणि उत्तर अमेरिकेत 2025 हे तिचं शेवटचं मॉडेल वर्ष. 1970 च्या सुमारास या गाड्या शंभराहून अधिक कंपन्या बनवत होत्या. आता त्यांतल्या मोठ्या कंपन्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

परतीच्या वाटेवर भाचा गप्प होता. नाही म्हटल्याचं त्याला वाईट वाटलं असावं. मी त्याला सेवेत्तीयार्वीची गोष्ट सांगितली. फिनलंडच्या अगदी उत्तरेला हे गाव, तिथे स्कोल्ट सामी लोक रेनडिअर पाळतात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पहिली स्नोमोबिल आली. पेर्टी पेल्टो या मानववंशशास्त्रज्ञाने तिथे राहून पुढच्या दहा वर्षांत काय झालं ते पाहिलं आणि 1973 साली त्यावर पुस्तक लिहिलं. आधी गाडी ओढायला माणसाळवलेला रेनडिअर कळपातूनच मिळायचा, त्याला पैसे पडत नसत. गाडीला पैसे पडत, पेट्रोलला पडत, सुट्या भागांना पडत. काही वर्षांत गाडीशिवाय कळप राखणंच अशक्य झालं. ज्यांना परवडलं ते राहिले, अनेक घरं त्या कामातून बाहेर पडली. बैलजोडी विकून हप्त्यांवर ट्रॅक्टर घेतलेली घरं ज्यांनी आपल्या गावी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्या लोकांना गाडी घेऊ की नको हा प्रश्नच उरला नव्हता. माझ्या भाच्याला मात्र थांबायची मोकळीक होती, आणि ती वापरावी असं मला मनापासून वाटत होतं.

"तुझ्या घरापासून बर्फ किती लांब?" मी विचारलं. तो हसला, पण प्रश्न खरा होता. मिनेसोटात बावीस हजार मैलांच्या स्नोमोबिल वाटा आहेत. गावोगावचे क्लब त्या आखतात, दर आठवड्याला रात्री जाऊन सारख्या करतात. त्यातले बहुतेक लोक बिनपगारी काम करतात. पण शहराच्या आसपास त्या वाटा सगळा हिवाळा उघड्या राहतीलच असं नाही. उत्तरेला जायचं म्हणजे ट्रेलर हवा. हेल्मेट हवं, वारा अडवणारे कपडे हवेत, नोंदणी हवी, विमा हवा. तो 1976 नंतर जन्मलेला, त्यामुळे तिथल्या कायद्याप्रमाणे सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र घेणंही आलं. तळ्यावर जायचं तर खाली नवा, स्वच्छ बर्फ पाच ते सात इंच जाड हवा, आणि तो छिद्र पाडून मोजायचा. असं मोजूनही तिथलं सरकारी खातं कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित म्हणत नाही. या सगळ्याची बेरीज त्या नऊ हजारांत धरलेली नव्हती.

त्याने घरी गेल्यावर पाच हिवाळ्यांच्या नोंदी काढल्या. कुठल्या भागात किती दिवस वाटा उघड्या होत्या हे पाहिलं. सुनेने, म्हणजे त्याच्या बायकोने, मला चहा देताना विचारलं, "मामा, तुम्हीच सांगा, घ्यावी का नाही?" मी म्हटलं, "घ्यावी. पण ती नाही."

दहा दिवसांनी दुसरी मिळाली. आणखी उत्तरेला, एका निवृत्त शिक्षकाच्या शेडमध्ये. सहा हिवाळे चाललेली, मीटरवर 3,600 मैल, किंमत पाच हजारांच्या थोडी वर, ट्रेलरसकट. म्हाताऱ्याने हस्तांदोलनाआधीच सांगितलं, "सकाळपासून हात लावलेला नाही. गार आहे." मी इंजिनावर तळहात ठेवला. खरंच गार. त्याने दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला सुरू झाली आणि टू-स्ट्रोकचा निळसर धूर शेडभर पसरला. तो वास घेताच मी क्षणभर माझ्या गॅरेजात जाऊन आलो.

मग एकेक बघत गेलो. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं: एका सिलिंडरला 118, दुसऱ्याला 121. आकडा किती यापेक्षा दोन्ही सारखे असणं महत्त्वाचं. एक दुसऱ्याहून दहा टक्क्यांनी खाली असता तर मी तिथूनच परत फिरलो असतो. चेनकेसचा, म्हणजे साखळीच्या पेटीचा, चुंबकी बूच काढला, त्यावर नेहमीची बारीक राखाडी पेस्ट होती, धातूचे तुकडे नव्हते. स्की धरून हलवल्या, सांध्यांत खेळ नव्हता. बोगद्याच्या पत्र्यावर डोळा लावून पाहिलं, सरळ होता. दगडावर आपटलेल्या गाडीचा पत्रा तिथेच दुमडतो. पट्ट्याचे सगळे दात जागेवर, कडेचे धागे बाहेर आलेले नाहीत. एअरबॉक्स उघडला, कारण उन्हाळ्यात उंदीर तिथे घरटं करतात. स्वच्छ होता. पेट्रोल ताजं होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सहा महिने टाकीत राहिलं की बारीक नळ्या चिकटतात. हा माणूस दर वसंतात औषध घालून, सिलिंडरमध्ये तेल फवारून गाडी ठेवायचा. बोगद्यावरचा क्रमांक कागदांशी जुळला, आणि गाडीवर कुणाचं कर्ज नव्हतं.

शेवटी स्लाइड. निम्म्याहून जास्त शिल्लक. क्लिपा उजळ.

त्याने एक वही आणून दिली. त्यात सहा हिवाळ्यांची प्रत्येक फेरी होती: तारीख, मैल, तापमान आणि एका रकान्यात बर्फ कसा होता ते. ताजा, दाबलेला, ओला, पातळ. 2023–24 च्या पानावर फक्त दोन ओळी होत्या. त्या वर्षी त्याने गाडी जवळजवळ बाहेर काढलीच नव्हती. भाच्याने तिथेच चेक लिहिला.

गाडी उत्तम आहे. 3,600 मैलांची ती गाडी अकराशे मैलांच्या गाडीपेक्षा नवी आहे, असं मी आजही म्हणेन. ज्यांच्या घरापासून तासा-दोन तासांवर भरवशाचा बर्फ आहे आणि वर्षातले पंधरा-वीस दिवस खरंच त्यावर जाणार आहेत, त्यांनी मार्चमध्ये अशी जुनी गाडी जरूर घ्यावी. बाकीच्यांनी दिवसाच्या भाड्याने घ्यावी, त्यातही आनंद पुरेपूर मिळतो.

आणि तुम्ही गुलमर्गला गेलात, स्नो स्कूटरवरून चक्कर मारून उतरलात, तर लगेच निघू नका. चालवणाऱ्या भाऊंना विनंती करून इंजिन बंद करायला सांगा, मागे जाऊन वाका आणि पट्ट्यावरचं छत बघा. गाडी पाण्याने गार होणारी असेल, तर तिथून पाणी ठिबकत असेल. काही मिनिटांपूर्वी तो बर्फ होता, आणि त्यानेच तुम्हाला वर नेऊन आणलं.